पत्रिकेवरचं नाव

नाताळच्या गाण्यांच्या प्रॅक्टिसला ‘हार्क द हेरल्ड एंजल्स’ आल्याशिवाय राहत नाही. पेटीवर पहिले चार सूर वाजले की मागच्या बाकावर चिवडा खात बसलेली पोरंही उठून रांगेत येतात. या एका गाण्यात भावंडांच्या दोन जोड्या आहेत, हे मात्र गाणाऱ्यांना सहसा ठाऊक नसतं. शब्द चार्ल्स वेस्ली यांचे, 1739 सालचे. ज्या संग्रहात ते छापले गेले त्यावर थोरले बंधू जॉन यांचंही नाव होतं. चाल फेलिक्स मेंडेल्सोनची. छपाईच्या शोधाला चारशे वर्षं झाली म्हणून 1840 मध्ये लाइपझिगला मोठा सोहळा झाला, त्यासाठी त्यानं ती बांधली. या चालीवर धार्मिक शब्द कधी शोभणार नाहीत, असं त्याचं स्वतःचं मत होतं. विल्यम कमिंग्ज नावाच्या इंग्रज ऑर्गनवादकानं 1855 मध्ये दोन्हींची गाठ घालून दिली. तोवर फेलिक्सला जाऊन आठ वर्षं होत आली होती. त्याची थोरली बहीण फॅनी त्याच्या आधी काही महिने गेली. तिच्याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

हे सगळं मी शोधत बसलो, कारण गेली काही वर्षं डिसेंबरात मी माझ्या धाकट्या बहिणीच्या हाताखाली असतो. आमचं घर भोकरदन तालुक्यातल्या पिंपळगाव रेणुकाईचं. मिरचीच्या बाजारामुळे गावाचं नाव लांबपर्यंत पोचलेलं आहे आणि त्या नावातच देवी आहे. धाकटीची पेटी सुरू झाली ती चर्चमध्ये नव्हे, नवरात्रातल्या भजनात भिंतीला टेकून बसून. भजनातल्या एका म्हाताऱ्या बुवांनी तिला आधी नुसता भाता हलवायला दिला, मग कधीतरी पट्टीवर बोट ठेवू दिलं. पुढे ती जालन्याला गेली आणि चर्चमध्ये गाऊ लागली, तेव्हा तिला फारसं वेगळं काही शिकावं लागलं नाही. कृष्णाजी सांगळे आणि नारायण वामन टिळक यांच्यापासून मराठी ख्रिस्ती गाणं पेटी-तबल्यावर आणि भजनाच्या चालीवरच वाढलेलं आहे. टिळक तर उघड सांगत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. तो पूल आमच्या घरात पेटीचा होता, एवढाच काय तो फरक.

आता नाताळची संगीतनाटिका तीच बसवते. चाली तिच्या, पेटी तिची, पोरं तिच्या धाकात. कापसाची वेचणी उरकली की मी जाऊन प्रॉम्प्टर होतो. गळा मला नाही आणि ताल बेताचा, त्यामुळे पडद्याआड वही धरून बसणं एवढंच मला झेपतं.

प्रॅक्टिसला बसल्यावर कळतं, की लोक तिच्या ज्या गळ्याचं कौतुक करतात तो तिच्या गुणातला लहान भाग आहे. मरीयेच्या अंगाईची चाल तिनं काळी पाचमध्ये बांधली होती. घरी एकटी गायची तेव्हा ती तिथे सुरेख लागायची. पोरांना मात्र वरचा षड्ज गाठता येईना. माना ताणून ती ओरडायला लागली. कुणावर न चिडता तिनं गाणं काळी चारवर उतरवलं. आता खालचे सूर तिला स्वतःलाच जड जात होते, पण ते तिनं कुणाला कळू दिलं नाही. एक मेंढपाळ दर ओळीला अर्धी मात्रा मागे राहायचा. त्याला ती एकदाही ‘तू चुकतोस’ म्हणाली नाही. उचलून ढोलकीवाल्याच्या शेजारी उभं केलं, हातात काठी दिली आणि सांगितलं, ‘समेला आपटायची, मधे नाही.’ बघता बघता पोरगं तालात आलं, आणि मेंढपाळाला काठी लागतेच, तीही मिळाली. प्रेक्षकांना हे काहीच दिसणार नाही. त्यांना काठीवाला मेंढपाळ दिसेल आणि ते म्हणतील, पोरगं काय झकास आहे.

जॉन वेस्लीनं आपल्या भावाबद्दल लिहिलेला एक शेरा मला म्हणूनच आवडतो. चार्ल्स 1788 च्या मार्चमध्ये वारला. हजारो गीतं लिहिलेला माणूस. मेथडिस्ट पंथाच्या त्या वर्षीच्या अहवालात थोरल्यानं त्याच्यावर दोन-चार ओळी लिहिल्या आणि त्यात म्हटलं, की काव्यशक्ती हा त्याच्या गुणांतला सर्वांत धाकटा. कुणाला यात थोरल्याचा हेका दिसेल. असेलही, या दोघांचे मतभेद काही लहान नव्हते. पण मला त्यात घरच्या माणसाची माहिती दिसते. जगाला चार्ल्सची गाणी मिळाली. भावाला गाण्यामागचा माणूस ठाऊक होता आणि तो त्याला जास्त मोठा वाटत होता.

घरात असं सहज दिसत नाही, हेही तितकंच खरं. घरात गुणाला गुण म्हणत नाहीत, खोड म्हणतात. लहानपणी ती ताटावर चमच्यानं ठेका धरायची आणि आई म्हणायची, ‘आधी जेव गं बाई.’ भावंडांची आणखी एक अडचण असते. शेजारच्या मुलीला गळा असला तर ती देवाची देणगी. बहिणीला असला की मनात हळूच प्रश्न येतो, एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन वाढलो, मग ते माझ्याकडे का नाही? म्हणून आपल्याकडे भावंडाचं कौतुक चेष्टेचे कपडे घालून बाहेर पडतं. ‘आली मोठी गानकोकिळा’ असं म्हणणारा भाऊ पुष्कळदा खरंच भारावलेला असतो, फक्त ते कबूल करायचं धाडस त्याच्यात नसतं. प्रॅक्टिसमध्ये ही पंचाईत सुटते. तिथे पोरं तिला ‘टीचर’ म्हणतात. त्या दोन-तीन तासांपुरती ती माझी बहीण नसते, आणि नसते म्हणूनच मला नीट दिसते.

धाकट्यांचं थोरल्यांबद्दलचं कौतुक निराळ्या जातीचं. ते बोलत नाही, मागोमाग चालू लागतं. जालन्यातल्या मिशनच्या कामाची गोष्ट सांगताना रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्यापासून सुरुवात करतात. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत त्यांनी उभारली, 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या धर्मपरिषदेत ते बोलले. पण त्याच्या कितीतरी आधी, 1843 मध्ये मुंबईत त्यांनी धर्म बदलला तेव्हा त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, बारा-एक वर्षांचा पोर, त्यांच्या पाठोपाठ मिशनऱ्यांकडे राहायला गेला. वडील कोर्टात गेले आणि कोर्टानं मुलगा त्यांच्या ताब्यात दिला. मग त्याला जातीत परत घ्यायचं की नाही यावर मुंबईच्या ब्राह्मणांत रण माजलं. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन घ्या म्हणून बाजू धरली आणि त्यापायी स्वतः रोष ओढवून घेतला. इतिहासाची पुस्तकं या प्रकरणात शास्त्रार्थ पाहतात, सुधारणा पाहतात, आणि ते बरोबरच आहे. मला त्यात थोरल्या भावामागे निघालेला एक मुलगाही दिसतो. त्याला त्या वयात धर्म किती कळला असेल? दादा कळत होता.

थोरल्यांना मात्र असं मागे निघता येत नाही. थोरल्याला काहीतरी करावं लागतं, आणि तो काय करतो यावरून त्याच्या कौतुकाची किंमत ठरते. मराठवाड्याच्या माणसाला यासाठी लांब जायला नको. पैठणजवळचं आपेगाव आहे. निवृत्तिनाथ ज्ञानदेवांचे थोरले भाऊ आणि गुरू. परंपरा सांगते, की नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी पुरी झाली, सगळे दिपून गेले, आणि निवृत्तिनाथ म्हणाले, ही झाली गीतेवरची टीका. आता तुझं स्वतःचं सांग. त्यातून अनुभवामृत आलं. घटना अशीच घडली की नाही यावर अभ्यासक बोलतील. पण ज्यानं ही कथा सांगितली त्याला भावंडं चांगली कळत होती. नऊ हजार ओव्या ऐकून ‘वा’ म्हणणं कुणालाही जमलं असतं. ‘अजून तुझं यायचंय’ असं म्हणायला थोरला भाऊ लागतो.

याच्या शेजारी फेलिक्स मेंडेल्सोनला बसवून पाहावं. फॅनी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी. दोघांचे शिक्षक एक, तयारी एक. ती चौदा वर्षांची असताना वडिलांनी तिला लिहिलं, की संगीत कदाचित फेलिक्सचा व्यवसाय होईल. तुझ्यासाठी ते दागिन्यासारखं राहील. फेलिक्सचं बहिणीवर प्रेम होतं, आदर होता. आपली हस्तलिखितं तो तिला दाखवायचा, तिचं मत मानायचा. तरी तिच्या चाली छापायला 1837 मध्ये त्यानं आईला पत्र लिहून नकार कळवला. तिला घरसंसार आहे, छापायचं मी तिला सुचवणार नाही, असा एकूण सूर. त्याआधी तिची सहा गाणी त्याच्या नावावर, त्याच्या दोन संग्रहांत छापून झाली होती. 1842 मध्ये लंडनला राजवाड्यात व्हिक्टोरिया राणीनं हौसेनं त्याचं एक गाणं निवडलं आणि त्याच्यासमोर गायलं. ते नेमकं फॅनीचं निघालं. फेलिक्सनं तिथे कबूल केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. फॅनीनं शेवटी 1846 मध्ये स्वतःच्या नावानं पहिला संग्रह काढला. पुढच्या मे महिन्यात, 14 तारखेला, बर्लिनमधल्या घरी रविवारच्या मैफलीची तालीम घेताना तिला झटका आला आणि त्याच रात्री ती गेली. तालीम चालली होती ती फेलिक्सच्या रचनेची.

फेलिक्सला दुष्ट ठरवणं सोपं आहे, आणि चुकीचंही. त्याचं कौतुक खोटं नव्हतं. ते उंबऱ्याच्या आतलं होतं, एवढंच. बहीण घरात गाते तोवर ती थोर. तिनं दाराबाहेर पाऊल टाकलं की तिची काळजी वाटायला लागते. असे फेलिक्स आपल्या गावोगाव आहेत. ‘आमच्या ताईचा आवाज काय सांगू’ म्हणणारे, आणि ताईला स्पर्धेसाठी तालुक्याला पाठवायची वेळ आली की ‘कशाला उगाच, एसटी वेळेवर नसते’ म्हणणारे. एसटी वेळेवर नसते हे खरं असल्यामुळे त्यांचं खोटं पकडताही येत नाही.

यंदा आमच्याकडे असाच एक वाद झाला, पत्रिकेवरून. कार्यक्रमाच्या पत्रिकेत पाळकसाहेबांचं नाव असतं, पाहुण्यांचं असतं, चहा-फराळ देणाऱ्यांचंही असतं. चाली कुणी बांधल्या हे मात्र नव्हतं. मी विचारलं तर धाकटीच म्हणाली, ‘दादा, देवाच्या कामात नाव कशाला?’ मंडळीतल्या दोघा-तिघांनी मान डोलावली. ही नम्रता मला पटत नाही. आपले संत नम्रतेत कुणाला हार जाणारे नव्हते, पण अभंग नावानिशी संपवत. मुक्ताबाई आपलं नाव घालते. ज्ञानदेव स्वतःला निवृत्तीचा दास म्हणवून घेतात, म्हणजे आपल्या नावाबरोबर भावाचंही नाव ओवीत बसवतात. गीताच्या डोक्यावर कवीचं नाव छापलं म्हणून कुणाची भक्ती उणी झालेली ऐकिवात नाही. आणि मरीया-योसेफ बेथलेहेमला गेले ते तरी कशासाठी? नावनिशी लिहून द्यायला. हे शेवटचं मी पाळकसाहेबांना ऐकवलं तेव्हा ते हसले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

नाव छापल्यानं ती मोठी होणार नाही, हे मलाही कळतं. पण उद्या त्या काठीवाल्या मेंढपाळानं कुठे ही अंगाई म्हटली, तर कुणाची म्हणून सांगायची, हे त्याला ठाऊक असावं. आणि पुढच्या वर्षी जुन्या गाण्यांना चाली लावायच्या नाहीत, शब्दही स्वतःचे लिहायचे, हेही मी तिला सांगून ठेवलं आहे. ती म्हणाली, ‘मला लिहिता येत नाही.’ मी म्हणालो, भाता हलवणारीला पेटी तरी कुठे येत होती.

मसुद्यात मी तिचं नाव घातलं, तिनं पेन्सिलीनं खोडलं, मी पुन्हा शाईनं लिहिलं. आता कागद छापखान्यात गेला आहे. शेवटी काय छापून येईल ते सांगता येत नाही. जाण्याआधी तो एकदा चाळून पाहिला, तर अगदी खाली, ढोलकी आणि पडद्यांच्या ओळीनंतर, तिच्या अक्षरात ‘प्रॉम्प्टर’ लिहिलेलं होतं आणि पुढे माझं पूर्ण नाव, आडनावासकट.