वाटेतल्या उजेडाचं गाऱ्हाणं

बा देवा रामेश्वरा, तारकर्लीच्या या पुळणीवर उभा राहून तुला गाऱ्हाणं घालतोय, ते कान देऊन ऐक. आज नोकरी मागत नाही, पोरीला स्थळ मागत नाही, आंब्याला मोहोर मागत नाही. मी इथलाच, पोटासाठी पुण्यात बसून आकाशाचे आकडे चाळणारा. माझं मागणं उजेडाबद्दल आहे, आणि तो उजेड निघून कोट्यवधी वर्षं झाली आहेत.

दिवाळीनंतरच्या पहाटे मालवणच्या बाजूला माडांच्या शेंड्यांवर सप्तर्षी येतात. त्यांच्या मुलखात तू मार्केरियन 421 नावाची एक दीर्घिका ठेवली आहेस. नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तिच्या पोटात कोट्यवधी सूर्यांच्या भाराचं कृष्णविवर आहे, आणि त्याच्या जवळून जवळजवळ प्रकाशाच्याच वेगाने सुटलेला एक झोत. असे झोत इतर दीर्घिकांनाही आहेत, पण हा आमच्याकडे तोंड करून आहे, म्हणून तो इतका प्रखर दिसतो आणि आम्ही त्याला ब्लेझर म्हणतो. मधूनच तो भडकतो. काही तासांत, कधी त्याहूनही लवकर, त्याचं तेज दुप्पट होतं. हा भडका इथवर यायला सुमारे 40 कोटी वर्षं लागतात. आज पोचणारा उजेड निघाला तेव्हा झाडं नुकती कुठे जमिनीवर रुजत होती, आणि सह्याद्रीचा पत्ता नव्हता.

मग देवा, उद्या भडका दे असं कुठल्या तोंडाने मागू? द्यायचं ते तू केव्हाच देऊन बसलास. उद्याचा भडका, पुढच्या वर्षीचा भडका, माझ्या नातवंडांच्या काळातला भडका, सगळे वाटेत आहेत. तेव्हा भडका मागत नाही. तो दारात येईल तेव्हा आम्हांला जागं ठेव, एवढंच मागतो. व्हय महाराजा!

आणि जागं ठेवशील तर एकट्याला नको, सगळ्यांना ठेव. झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात भोवंडतात, तेव्हा रेडिओ लहरींपासून क्ष-किरणांपर्यंतचा उजेड देतात. तेच इलेक्ट्रॉन प्रकाशकणांना धडका देऊन त्यांना गॅमा किरणांच्या ऊर्जेला नेऊन पोचवतात, असं आम्ही बहुतेक जण मानतो. पण हे सगळे उजेड एकदम येत नाहीत. पुष्कळदा गॅमा किरण आधी येतात आणि रेडिओचा भडका काही आठवडे, काही महिने मागून येतो, कारण झोताच्या मुळाशी इतकी दाटी असते की रेडिओ लहरी तिथेच अडकून पडतात. आग झोतात कुठे लागली, हे या मागच्या-पुढच्या हिशोबातूनच कळतं. इथे रापण ओढतात तेव्हा दोराच्या दोन्ही टोकांना माणसं लागतात. एक टोक ढिलं पडलं की मासळी निसटली. आमची गत तीच आहे. कुठल्याही एका दुर्बिणीला या भडक्याचा सगळा घास मिळत नाही.

म्हणून त्या प्रत्येक टोकाला उभ्या असलेल्यांसाठी मागतो. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूपांनी उभ्या केलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 तबकड्या आहेत, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या, पोलादी तारांची जाळी विणलेल्या, वारा आरपार जाईल अशा. त्यांच्या कानांवर मोबाईलचा आणि इंजिनांचा गलका कमी येऊ दे. 28 सप्टेंबर 2015 ला श्रीहरिकोट्याहून गेलेला अ‍ॅस्ट्रोसॅट हा उपग्रह साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून एकाच वेळी अतिनील आणि क्ष-किरणांत पाहू शकावा म्हणून बांधला गेला. त्याला बांधणाऱ्या हातांना तुझा आशीर्वाद असू दे. आणि लडाखात हानलेला, श्वास अपुरा पडतो अशा उंचीवर, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेली 21 मीटरची मेस दुर्बीण आहे. गॅमा किरण जमिनीपर्यंत येत नाहीत. वातावरणात शिरताच त्यांच्यापासून कणांचा सडा पडतो आणि त्याची निळसर चमक काही अब्जांश सेकंद टिकते. ती टिपायला तिच्या कॅमेऱ्यात 1,088 प्रकाशनलिका डोळे लावून असतात. त्या काळोख्या, गोठलेल्या रात्री जागणाऱ्या पोरापोरींची बोटं शाबूत ठेव. व्हय महाराजा!

पाऊस थांबव असं मात्र म्हणणार नाही. पावसाळ्यात गिरवलीच्या दुर्बिणीचा घुमट मिटतो आणि आम्ही हळहळतो, पण त्याच पावसावर इथली लावणी उभी आहे. ढगांतूनही खोडदला रेडिओ लहरी ऐकू येतात, तेवढी सोय तू ठेवलीच आहेस. जमलं तर क्षितिजावरचा तो एलईडी दिव्यांच्या मासेमारीचा झगमगाट आवर. त्यात रापणवाल्याचंही भलं आहे आणि आकाशाचंही.

देवा, तू आम्हांला दिलंस तेही विसरलो नाही. कर्क राशीत ओजे 287 नावाचा असाच एक ब्लेझर आहे, साडेतीन अब्ज प्रकाशवर्षांवर. तिथे एका अगडबंब कृष्णविवराभोवती दुसरं फिरतं आणि मोठ्याच्या तबकडीतून आरपार जाताना भडका उडतो, असं एक गणित आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले ए. गोपकुमार आणि लंकेश्वर डे त्या गणितात होते. भडका 31 जुलै 2019 ला येईल, असं त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी सांगितलं. तेव्हा पृथ्वीवरून पाहावं तर सूर्य आड येत होता. पण पृथ्वीपासून लांब गेलेली स्पिट्झर दुर्बीण तिथून पाहू शकत होती, आणि भडका सांगितल्या वेळेच्या चार तासांच्या आत आला. पुढच्याच वर्षी जानेवारीत स्पिट्झर बंद झाली. इतक्या काठावर तू आमच्या पदरात ते दान टाकलंस.

आणि 2022 च्या ऑक्टोबरात हात आखडता घेतलास. सांगितलेला भडका सांगितल्या वेळी दिसला नाही. कोणी म्हणालं तो आधीच येऊन गेला, कोणी म्हणालं कृष्णविवराचा भार आम्ही धरला त्याहून पुष्कळ कमी असणार. वाद अजून चालू आहे. देवा, 2019 च्या देण्याइतकंच हे न देणंही तुझ्या पायाशी ठेवतो. आलेख सरळ आला म्हणून आमच्या अंगात येऊ नये, आणि बिंदू रेषेबाहेर पडला म्हणून त्याला कोणी खोडून टाकू नये. ढगांमुळे, चंद्रामुळे, यंत्र रुसल्यामुळे ज्या रात्री हातून गेल्या, त्यांची जागा आलेखात रिकामीच ठेवायची हिंमत दे. ती आमच्या मनाने भरून काढण्याचा मोह फार मोठा असतो, हे तुझ्यापासून काय लपवायचं! व्हय महाराजा!

शेवटचं मागणं. रेडिओवाले, क्ष-किरणवाले, गॅमावाले एका कागदाभोवती बसतात तेव्हा प्रत्येकाला आपलाच उजेड खरा वाटतो. त्यांना एकमेकांचं ऐकून घ्यायची बुद्धी दे. आमच्या हिशोबात चूक असेल तर ती दाखवणारा माणूस धाड, मग तो कालचा विद्यार्थी का असेना, आणि त्याच्यापुढे आमची मान ताठ राहू देऊ नकोस. आम्ही गेल्यावरही भडके येतच राहतील. ते बघायला इथल्या शाळांतून पोरं तयार होऊ देत, आणि त्यांना आमच्या वह्यांत खरं तेवढंच सापडू दे. खंय काय चुकला-माकला आसात तर पदरात घे, आणि घातलेला गाऱ्हाणा मान्य करून घे रे महाराजा!

व्हय महाराजा!