दवाखाना, बँक आणि अमानत

पूर्वी माणूस पैसा ठेवायला बँकेत जाई आणि जीव वाचवायला दवाखान्यात. आज पालमहून रुग्ण नांदेडला किंवा परभणीला नेला की या दोन दारांमधली भिंत उरलेली नाही, हे ध्यानात येते. नाडी पाहण्याआधी खिडकीवर विचारणा होते : रेशन कार्ड आहे का, आधार आहे का, विमा आहे का? काही मोठ्या खाजगी दवाखान्यांत तर उपचारासाठी हप्त्यांचे कर्ज मिळवून देणारा माणूसही तिथेच भेटतो.

पैसा आणि उपचार यांची सांगड मुळातच वाईट, असे आम्ही म्हणणार नाही. 1284 मध्ये सुलतान कलावूनने काहिरा येथे उभारलेले मन्सुरी रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चालत असे. मिळकतींचे भाडे रुग्णालयाकडे येई, रुग्णाला उपचार मोफत मिळत. म्हणजे सांगड तेव्हाही होती. प्रश्न एवढाच की, आजाराचे ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवायचे?

या कसोटीवर आजच्या दोन वाटा पाहू. राज्य शासनाची जीवनदायी आरोग्य योजना 2012 मध्ये नांदेडसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, 2013 मध्ये राज्यभर पोहोचली आणि 2017 मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांचे संरक्षण होते. 2023 मध्ये ते पाच लाखांवर नेण्याचा व सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. यात पैसा थेट दवाखान्याला मिळतो, रुग्ण कर्जदार होत नाही. विम्याबद्दल आपल्या काही बांधवांच्या मनात शंका असते. जेद्दाहच्या इस्लामी फिक्ह अकादमीने 1985 मध्ये व्यापारी विमा नाजायज ठरवला, पण परस्पर सहकार्याचा विमा मान्य केला. शासकीय योजनेत रुग्ण हप्ता भरत नाही, सौदाही करत नाही. तो नागरिक म्हणून आपला हक्क घेतो. म्हणून संकोचाने घरी बसणे आम्हांला योग्य वाटत नाही.

दुसरी वाट कर्जाची. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात बहुधा कर्ज देणारी कंपनी आपला वाटा दवाखान्याकडून घेते. तो वाटा शेवटी बिलातच मिसळतो. सूद नाव बदलून येतो, एवढेच. शिवाय बाजारात माणूस भाव करतो, नको असेल तर उठून जातो. आईला श्वास लागलेला मुलगा भाव कसा करील? अशा वेळी घेतलेली सही संमतीची की लाचारीची? कुरआनने तर अडचणीतल्या कर्जदाराला सवड द्यायला सांगितले आहे आणि कर्ज माफ करणे अधिक चांगले मानले आहे. हप्ता चुकल्याच्या दंडात ती सवड कुठे बसते?

तिसरी बाब अमानतीची. 2021 पासून आरोग्याच्या नोंदींना चौदा अंकी क्रमांक मिळू लागला. जुने कागद हरवणाऱ्या गरिबाची त्याने सोय होते, हे खरे. पण हकिमाला सांगितलेला आजार ही अमानत असते. ती कर्ज देणाऱ्याच्या हाती गेली, तर उद्या आजारी माणसालाच दार बंद होईल. म्हणून कशाला संमती देतो आहोत, हे समजल्याशिवाय अंगठा उठवू नये.

केवळ व्यवस्थेला बोल लावून आपली जबाबदारी संपत नाही. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. एकाच मुलीचे नाव रेशन कार्डावर एक, आधारवर दुसरे आणि दाखल्यावर तिसरे, हे आम्ही नेहमी पाहतो. एका अक्षराच्या फरकाने ऐन वेळी उपचार अडू शकतो. ही दुरुस्ती शाळेने आणि मोहल्ल्याने आजार येण्याआधी करून घ्यावी. जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेला माणूसही आहे. प्रत्येक मशिदीच्या जमातीने थोडा निधी आजाऱ्यांच्या कर्ज-ए-हसनासाठी वेगळा ठेवला, तर हप्त्यांच्या कागदावर सही करण्याआधी माणसाला आपल्यांचे दार ठोठावता येईल. बँक आणि दवाखाना एकत्र येणारच आहेत. त्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या माणसामागे आपण उभे आहोत का, हे मात्र आपल्यालाच ठरवायचे आहे.