उरलेल्या सुताची दुसरी पाळी
सूतगिरणीत आणि मागावर तुटून उरलेले सूत कापडात जात नाही; त्याच्या गुंतवळाचे गठ्ठे बांधून विकले जातात. भोसरी-चाकणच्या कारखान्यांत हेच ‘कॉटन वेस्ट’. पाळी संपताना लेथवरचे ऑइल, ग्रीस पुसायला मूठभर पुरते. पांढरे महाग, रंगीत स्वस्त. रंग सुटण्याची धास्ती असेल तिथे पांढरेच बरे. फिरत्या चकजवळ मात्र ते नेऊच नये. धागा अडकला तर हातही ओढला जातो. वापरलेले तेलकट बोळे झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकतात, कारण जवसाच्या तेलासारखे तेल लागलेला ढीग आपोआप तापून पेटू शकतो. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार कारखान्यातले असे बोळे घातक कचऱ्यात मोडतात. ते घंटागाडीत नव्हे, रांजणगावसारख्या प्रक्रिया केंद्रात जातात.