लखनौमध्ये खाली ठेवलेले ओझे



प्रार्थनेविषयी आपण पुष्कळ बोलतो. उत्तर मिळालेल्या प्रार्थनांच्या साक्षी मंडळीपुढे उभे राहून आनंदाने देतो, आणि त्या द्यायलाच हव्यात. पण साक्ष संपल्यावर मागच्या बाकावर बसलेली एखादी बहीण मान खाली घालून घरी जाते. तिनेही उपास केला होता. तिच्याही घरी प्रार्थनेची साखळी लावली होती. तरी तिचा माणूस वाचला नाही. तिच्या मनातला प्रश्न ती कोणाला विचारत नाही. माझा विश्वास कमी पडला का? की देवाने माझे ऐकलेच नाही?

हा प्रश्न टाळून प्रार्थनेचे जीवन खोल होत नाही. म्हणून आज आपण एका देवमाणसाच्या आयुष्यातील दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहू. पहिला प्रसंग लखनौमध्ये घडला, दुसरा त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी.

लखनौ : मागितले नव्हते ते मिळाले

स्टॅनली जोन्स हे मेथडिस्ट मिशनरी १९०७ मध्ये अमेरिकेतून भारतात आले. वय तेवीस. लखनौच्या लालबागेतील इंग्रजी भाषिक मंडळीचे पाळक म्हणून त्यांनी सेवा सुरू केली. पुढे कामे वाढत गेली, जबाबदाऱ्या वाढत गेल्या, आणि साडेआठ वर्षांत त्यांचे शरीर व मन दोन्ही थकले. विश्रांतीसाठी ते मायदेशी गेले. परत आले तर पुन्हा तीच अवस्था. डोंगरावर जाऊन विश्रांती घ्यायची, खाली मैदानात येऊन काम सुरू करायचे आणि पुन्हा कोसळायचे, असे वारंवार झाले. आता मिशनचे काम सोडून परत जावे आणि एखाद्या शेतावर राबून प्रकृती सुधारावी, इथपर्यंत विचार आला.

अशा वेळी, १९१७ च्या सुमारास, लखनौमधील एका सभेत ते प्रार्थना करीत होते. त्यांनीच पुढे लिहिले आहे की त्या वेळी ते स्वतःचा विशेष विचारही करीत नव्हते. तेवढ्यात अंतःकरणात जणू वाणी आली : ज्या कामासाठी मी तुला बोलावले, त्याला तू तयार आहेस का? त्यांनी प्रामाणिकपणे कबूल केले की नाही, मी संपलो आहे. तेव्हा त्यांना उमजले की हे सारे देवाच्या हाती सोपवायचे आणि त्याची चिंता सोडायची, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित आहे. त्यांनी तिथेच होकार दिला. मोठी शांती मनात उतरली. त्या रात्री घरी चालत जाताना पाय जमिनीला टेकत नाहीत असे त्यांना वाटले. त्यानंतर त्यांनी अनेक दशके देशोदेशी सेवा केली. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द ख्राइस्ट ऑफ दि इंडियन रोड' या पुस्तकात हा अनुभव आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. या होकाराला जोन्स यांनी स्वतः सौद्याचा शब्द वापरला आहे. पण त्या सौद्यात त्यांनी दिले काय? नवस बोलले नाहीत. बरा झालो तर अमुक करीन, असे वचन दिले नाही. त्यांच्याजवळ देण्यासारखा फक्त थकवा होता, तो त्यांनी दिला. मी संपलो आहे, हीच त्यांची संपूर्ण प्रार्थना होती.

आता स्वतःला विचारा. तुमच्या प्रार्थनेत हे वाक्य शेवटचे कधी आले? आपण देवापुढे नीटनेटके होऊन जातो. पाहुण्यांसाठी घर आवरावे तसे मन आवरतो, शब्द निवडतो, राग झाकतो, शंका लपवतो. आणि मग प्रार्थना कोरडी का झाली, याचे नवल करतो. जे आपण पुढे ठेवलेच नाही, ते तो कसे उचलणार?

दुसरा प्रसंग : मागितले ते मिळाले नाही

डिसेंबर १९७१. जोन्स आता सत्त्याऐंशी वर्षांचे होते आणि तेव्हाही प्रवास व प्रवचने चालूच होती. अमेरिकेत असताना त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. हातापायांची शक्ती गेली, दृष्टी मंदावली, आणि ज्या वाणीने आयुष्यभर सुवार्ता सांगितली ती वाणी अडखळू लागली. त्यांनी बरे होण्यासाठी प्रार्थना केली. येशूच्या नावाने उठून चालण्याची आज्ञा आपल्याला ऐकवा, असे ते सेवा करणाऱ्यांना सांगत. ही प्रार्थना अर्धवट मनाने केलेली नव्हती.

काही सुधारणा झाली. पण लखनौसारखे घडले नाही. ते भारतात परतले आणि २५ जानेवारी १९७३ रोजी बरेली येथे प्रभूमध्ये झोपी गेले. या शेवटच्या वर्षात अडखळत्या वाणीने त्यांनी एक पुस्तक सांगून लिहवून घेतले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये 'द डिव्हाइन येस' या नावाने प्रसिद्ध झाले. म्हणजे देवाचा होकार. शरीराच्या बाबतीत नकार मिळालेल्या माणसाने आपल्या शेवटच्या पुस्तकाचा विषय होकार हा ठेवला. त्यांच्या मते देवाचा होकार म्हणजे एखादी मिळालेली वस्तू नव्हे, तर स्वतः ख्रिस्त. तो लखनौला मिळाला होता आणि झटक्याने हिरावला गेला नव्हता.

आता सांगा, या दोन प्रसंगांपैकी कोणत्या वेळी जोन्स यांचा विश्वास मोठा होता? तेहतीस वर्षांच्या थकलेल्या तरुणाचा मोठा आणि पन्नास वर्षे प्रभूबरोबर चाललेल्या वृद्धाचा लहान, असे आपण म्हणू शकतो का? तसे म्हणायला मन धजत नाही. मग मागच्या बाकावरील त्या बहिणीविषयी आपण ते इतक्या सहज कसे म्हणतो?

दुःखितावर आणखी ओझे लादू नका

हा केवळ समजुतीचा प्रश्न नाही, नीतीचा आहे. आजाऱ्याला, मूल गमावलेल्या आईला, नोकरी गेलेल्या भावाला 'तुमचा विश्वास कमी पडला' असे सांगणे म्हणजे त्याच्या दुःखावर दोषाचे ओझे ठेवणे होय. ईयोबाच्या मित्रांनी हेच केले, आणि देवाचा राग त्या मित्रांवर भडकला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा वाचा. विश्वासाने काही जण तलवारीपासून वाचले असे तिथे आहे, आणि थोड्याच ओळींनंतर काही जण तलवारीने मारले गेले असेही आहे. दोघांची नावे एकाच यादीत, आणि त्या सर्वांविषयी त्यांच्या विश्वासामुळे चांगली साक्ष दिली आहे.

जोन्स यांनी आपल्या अनुभवाचा नियम बनवला नाही, याचा एक पुरावा लखनौमध्येच उभा आहे. प्रार्थनेत ज्याची खचलेली प्रकृती सावरली, त्याने इतरांना 'फक्त प्रार्थना करा, वैद्य नको' असे सांगितले असते तर नवल नव्हते. पण १९५० मध्ये त्यांनी त्याच शहरात, त्याच लालबाग भागात, 'नूर मंझिल' हे मानसोपचार केंद्र सुरू केले. मन आजारी पडलेल्या माणसाला डॉक्टरही हवा आणि प्रार्थनाही हवी, हे त्यांना कळले होते. म्हणून तुमच्या घरी कोणी निराशेच्या आजाराने गप्प झाले असेल, तर त्याच्यासाठी गुडघे टेका आणि त्याला डॉक्टरांकडेही न्या. औषधाची गोळी घेणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे.

मग मागायचेच कशाला?

इथे कोणी रास्त आक्षेप घेईल. मिळाले तरी देवाची इच्छा, नाही मिळाले तरी देवाची इच्छा, तर मग प्रार्थना म्हणजे स्वतःची समजूत काढणेच नाही का? मागण्याला अर्थ काय उरला?

हा आक्षेप हलका नाही. त्याला मी सिद्धांताने उत्तर देणार नाही. गेथशेमाने बागेकडे पाहा. आपला प्रभू तिथे पित्याच्या इच्छेला शरण गेला, पण आधी त्याने स्पष्ट मागितले. तीनदा मागितले. प्याला टळावा ही इच्छा त्याने गिळून टाकली नाही. पौलानेही देहातील काट्यासाठी तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरेशी आहे असे उत्तर आले, आणि पौलाने त्या उत्तराला नकाराचे नाव न देता आपल्या दुर्बलतेतच प्रभूचे सामर्थ्य पाहिले. मागणे आणि अट घालणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूल बापाकडे मागते. अट मात्र व्यापारी घालतो. ज्याला अट घालायची असते, त्याला समोरच्या माणसाशी नाते नको असते, माल हवा असतो.

म्हणून प्रार्थनेत नकार मिळाला तर त्याला नकारच म्हणा. रडा. स्तोत्रकर्त्यांनी देवाला 'किती काळ?' असे विचारले आणि ते शब्द पवित्र शास्त्रात राहिले, कोणी खोडले नाहीत. जी तक्रार देवापुढे केली जाते, तीसुद्धा प्रार्थना आहे. विश्वास तुटतो तो तक्रारीने नाही. आपण बोलणेच बंद करतो तेव्हा तो तुटू लागतो.

आणि एका माणसाच्या हातून उत्तर अपुरे राहिले तरी ते तिथे संपते असे नाही. आपल्या महाराष्ट्रात, लखनौच्या त्या प्रसंगाच्या सुमारासच, १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचे वेतन सोडले आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. भारतीय मनाला आपला वाटेल असा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभा राहावा, ही त्यांची तळमळ होती. पण ९ मे १९१९ रोजी ते मुंबईत वारले. दरबार त्यांच्या स्वप्नाएवढा वाढला नाही. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले, ज्यांनी पतीच्या धर्मांतरानंतर कित्येक वर्षे विरहाचे दुःख सोसले होते. टिळकांची भजने आजही आपल्या उपासनेत गायली जातात. त्यांच्या प्रार्थनेला उत्तर मिळाले की नाही, हे १९१९ मध्ये कोणी सांगू शकले नसते.

आज संध्याकाळी काय कराल?

जोन्स यांनी १९३० मध्ये नैनीतालजवळ सातताल येथे ख्रिस्ती आश्रम सुरू केला. तिथे जमलेल्यांना आरंभीच मोकळ्या मनाने बोलण्याची वेळ दिली जाई. तुम्ही का आलात, तुम्हाला काय हवे आहे आणि तुमची खरी गरज कोणती आहे, असे साधे प्रश्न असत. पद, शिक्षण, मोठेपणा बाजूला ठेवून प्रत्येकाने उत्तर द्यायचे.

हे तीन प्रश्न तुम्ही घरीच स्वतःला विचारा. संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना झाल्यावर दहा मिनिटे एकटे बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिल्या दिवशी फक्त पहिला प्रश्न घ्या : मी प्रभूकडे का आलो? सवयीने, भीतीने की प्रेमाने? जे खरे असेल ते सांगा. दुसऱ्या दिवशी काय हवे आहे ते नाव घेऊन मागा. मुलाची नोकरी, गुडघ्याचे दुखणे, भावाशी तुटलेला अबोला. गोल गोल बोलू नका. तिसऱ्या दिवशी विचारा : माझी खरी गरज कोणती? कदाचित भावाने माफी मागावी असे तुम्हाला हवे असेल, आणि गरज तुम्ही त्याच्या दारी जाण्याची असेल. हवे ते आणि गरजेचे यांतले अंतर दिसू लागले की प्रार्थना खोल होऊ लागली असे समजा.

चौथ्या दिवशी काहीच मागू नका. फक्त ऐका. शांतता जड वाटेल, झोप येईल, बाजाराची यादी आठवेल. तरी बसा. लखनौमध्ये जोन्स यांना वाणी आली ती बोलताना नाही, स्वतःला विसरून प्रभूपुढे असताना आली.

पाचव्या दिवशी मागच्या बाकावरील त्या बहिणीच्या घरी जा. तिला उपदेश करू नका. तिच्याबरोबर चहा घ्या, तिच्या माणसाची आठवण ऐका, आणि निघताना ती हो म्हणाली तर दोन वाक्यांची प्रार्थना करा. दुसऱ्याचे ओझे थोडा वेळ उचलल्याशिवाय आपले ओझे खाली ठेवणे शिकता येत नाही.

ज्या बापाने आपला आजारी मुलगा येशूकडे आणला, त्याने विश्वास आहे आणि तो अपुराही आहे, असे दोन्ही एका दमात कबूल केले. प्रभूने त्याला परत पाठवले नाही. तुम्हालाही तो पाठवणार नाही. या, त्याच्यापुढे असे बोलू :

हे स्वर्गीय पित्या, मी थकलो आहे, आणि हे तुझ्यापासून लपवण्यातही थकलो आहे. मला हवे ते तुला सांगतो. ते दिलेस तर तुझे आभार मानीन. दिले नाहीस तर रडेन, पण तुझ्याशी अबोला धरणार नाही. माझ्या हातातले हे ओझे आता तू घे. येशूच्या नावात मागतो. आमेन.