सहीचे धनी

सरकारी पत्रव्यवहारात आयुष्य घालविणाऱ्या माणसाला लेखकत्वाचा प्रश्न नवा नाही. ‘मला असे कळविण्याचा आदेश झाला आहे’ या वाक्याने सुरू होणारी शेकडो पत्रे आपण लिहिली असतील. ज्याने ती लिहिली त्याची त्यांवर सही नसते. ज्याची सही असते त्याने ती लिहिलेली नसतात. आणि ज्याचा आदेश झाला म्हणून म्हटलेले असते तो साहेब पुष्कळदा त्या दिवशी दौऱ्यावर असतो. दिल्लीस येऊन मला अकरा वर्षे झाली. एवढ्या काळात या व्यवस्थेबद्दल मनात कधी किंतु आला नाही. मसुदा आपला, सही साहेबांची, पगार दोघांना. हिशेब चुकता.

हा हिशेब विस्कटला तो एका फाइलीमुळे. संशोधनाच्या अनुदानाची ती फाइल होती आणि विषय होता सच्छिद्र सिलिकॉन. जोडपत्रे पुरी आहेत की नाहीत हे पाहणे आणि बेरजा तपासणे, एवढेच माझे काम. परंतु मी रसायनशास्त्राचा पदवीधर आहे. पोटासाठी विषय सुटला तरी त्याची ओढ सुटत नाही. कार्यालयात बेरजा तपासल्या आणि घरी आल्यावर त्या विषयावर जे मिळेल ते वाचीत बसलो.

सिलिकॉनची चकती हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवून तिच्यातून वीजप्रवाह सोडला असता, प्रवाह पुरेसा असेल तर तिचा पृष्ठभाग आरशासारखा गुळगुळीत होतो. प्रवाह कमी पडला तर मात्र आम्ल तिला आतून कोरीत जाते आणि चकतीवर स्पंजासारखा एक थर तयार होतो. त्यातील छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की, थराच्या एका घन सेंटिमीटरात काही शे चौरस मीटर अंतर्गत पृष्ठभाग सामावतो. माझ्या सरकारी निवासस्थानासारखी कित्येक घरे म्हणायची! पाण्यावर पसरलेल्या तेलाच्या तवंगाप्रमाणे या थरावरही रंग खेळतात. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळल्यामुळे हे घडते. छिद्रांत एखादा विशिष्ट रेणू येऊन चिकटला की तो रंग किंचित सरकतो, आणि त्या सरकण्यावरून रेणूचा पत्ता लागतो. ही झाली जैवसंवेदकाची युक्ती. दुसरी युक्ती औषधाची. छिद्रांत औषध भरून कण शरीरात सोडायचे. औषध हळूहळू बाहेर पडते आणि मागे राहिलेले सिलिकॉन विरघळून त्याचे सिलिसिक आम्ल होते. हे आम्ल आपल्या पिण्याच्या पाण्यातही असते. मूत्रपिंडे त्याला बाहेर टाकतात. वाहक आपले ओझे उतरवतो आणि स्वतः नाहीसा होतो.

ही कल्पना मला फार सुंदर वाटली. तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

वाचता वाचता जुन्या सवयीने माझे लक्ष सह्यांकडे, म्हणजे निबंधांवरील नावांकडे गेले. या थराचे पहिले वर्णन १९५६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळांच्या तंत्रविषयक नियतकालिकात आले. जर्मेनियम व सिलिकॉन यांना विजेच्या साहाय्याने घडविण्यावर तो लेख होता. काळपट, तांबूस वा तपकिरी थर हा त्या उद्योगातील एक नको असलेला प्रकार म्हणूनच नोंदला गेला. लेखावर नाव एकट्या आर्थर उलिर यांचे आहे. आज मात्र या शोधाचा इतिहास सांगताना आर्थर आणि इंगेबोर्ग उलिर या पतिपत्नींची नावे बरोबरीने घेतली जातात. २००५ साली त्या शोधाची हकीकत सांगणारा लेख प्रसिद्ध झाला तो दोघांच्या नावाने. १९९० साली इंग्लंडमधील ली कॅनहॅम यांनी हे सिलिकॉन प्रकाशते असे दाखवले, तेव्हा निबंधावर एकच नाव होते. ते सजीव शरीराशी जुळवून घेते असे त्यांनीच १९९५ साली मांडले, तेव्हाही एकच. १९९७ साली कॅलिफोर्नियात जैवसंवेदकाचा निबंध निघाला, त्यावर पाच नावे. २००९ साली उंदरांच्या शरीरात औषध नेऊन विरघळणाऱ्या कणांवर निबंध आला, त्यावर सहा. पदार्थविज्ञानाच्या अन्य क्षेत्रांत तर मर्यादाच राहिलेली नाही. हिग्ज कणाच्या वस्तुमानावरील २०१५ सालचा निबंध तेहतीस पानांचा. त्यांतील चोवीस पाने पाच हजारांहून अधिक लेखकांच्या नावांनी भरलेली!

एवढ्या जणांपैकी लिहिले कोणी? आणि ‘लेखक’ या शब्दाचा अर्थ तरी काय? ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ चा उल्लेख आहे आणि तेथेच सच्चिदानंदबाबा ‘लेखकु’ झाल्याचे सांगितले आहे. म्हणजे ग्रंथ रचणारा तो लेखक नव्हे, सांगितलेले उतरवून घेणारा तो लेखक. त्या अर्थाने आम्ही लिपिक मंडळीच खरे लेखक ठरतो. मौज एवढीच की, ज्या पिढीने उतरवून घेणाऱ्याचे नाव ग्रंथाच्या अखेरीस आदराने ठेवले, तिच्याजवळ लेखकत्वाच्या कसोट्या ठरविणारी समिती नव्हती.

आज तशी समिती आहे. वैद्यकीय नियतकालिकांचे काही संपादक १९७८ साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे जमले, त्यातून ती उभी राहिली. कामात भरीव वाटा, लेखनात वाटा आणि अंतिम मजकुरास संमती, या तीन कसोट्या तिने घातल्या. २०१३ साली तिने चौथी जोडली: निबंधातील प्रत्येक गोष्टीविषयी उत्तरदायी राहण्याची कबुली. माझ्या मते खरी कसोटी हीच. पहिल्या तिन्हींत मानाची वाटणी आहे, चौथीत जबाबदारीची. जो कण उद्या कोणा रुग्णाच्या रक्तात सोडावयाचा, त्याच्या निबंधावर नाव घालणे म्हणजे तो कण विरघळला नाही तर मला विचारा, असे लिहून देणे आहे. याच बेल प्रयोगशाळांत २००२ साली यान हेन्ड्रिक श्योन या तरुण शास्त्रज्ञाची लबाडी उघडकीस आली. चौकशी समितीस सोळा प्रकरणांत गैरवर्तन आढळले. सहलेखक मात्र त्या आरोपातून मुक्त झाले. त्यांनी लबाडी केली नव्हती हे खरेच आहे. परंतु निबंध गाजत असताना जी नावे शीर्षकाखाली उभी होती, ती चौकशीच्या वेळी एकदम पाहुण्यांसारखी दिसू लागली, हेही तितकेच खरे.

उलट बाजूचे उदाहरण मला अधिक लागले. रॉबर्ट मर्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६८ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. विज्ञानात जो आधीच नामांकित असतो त्याच्याच पदरात श्रेय पडत जाते आणि त्याच्याजवळचा अनामिक कोरडा राहतो, असा त्याचा आशय. हा निबंध ज्या मुलाखतींवर उभा होता, त्या हॅरिएट झुकरमन या बाईंच्या संशोधनातल्या. निबंधावर नाव एकट्या मर्टनचे. १९७३ साली त्याने स्वतःच लिहून ठेवले की, तो निबंध दोघांच्या नावे यावयास हवा होता. ज्या रोगाचे निदान त्याने केले तो त्याच्याच घरात निघाला. पाच वर्षांनी का होईना, त्याने ते लिहिले.

हे वाचून मी पुस्तक मिटले, कारण आमच्या शाखेतील एक गोष्ट आठवली. संस्थांकडे न खर्चलेल्या अनुदानाचा तक्ता मी गेल्या वर्षी तयार केला होता. कंत्राटावर आलेल्या एका मुलीने त्यातील आकडे संगणकात भरले. भरता भरता तिच्या ध्यानात आले की, काही संस्थांच्या बाबतीत व्याजाची रक्कम दोनदा वजा होत आहे. तिने मला दाखवले. मी नियम शोधला, टिप्पणी लिहिली, तक्ता जोडला. सहसचिवांनी तिच्यावर प्रशंसेचा शेरा मारला. फाइल आता कागदाची नसते. कोणी काय केव्हा लिहिले याची नोंद संगणकच ठेवतो आणि ती खोडता येत नाही. परंतु त्या व्यवस्थेत प्रवेश फक्त आम्हां नियमित नोकरांना. त्यामुळे त्या अचूक, न खोडता येणाऱ्या नोंदीत आदीपासून अंतापर्यंत माझे एकट्याचे नाव आहे.

तेव्हा मला वाईट वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. साहेब माझ्या मसुद्यावर सही करतात, तसेच हे, असे मी मनाशी म्हटले. पण ते तसे नव्हते. माझा मसुदा साहेबांच्या सहीने गेला तरी माझी आद्याक्षरे आतल्या पानावर राहतात. उद्या चूक निघाली तर मलाच बोलावतात, आणि म्हणून बढतीच्या वेळीही मलाच ओळखतात. तिचे कोठेच काही राहिले नाही. वाहकाने ओझे उतरवून विरघळून जावे, ही सिलिकॉनच्या कणाची थोरवी. माणसाच्या बाबतीत ती थोरवी दुसऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलेली असते.

मार्चअखेर तिचे कंत्राट संपले. त्यानंतर मी त्याच फाइलीवर एक पूरक टिप्पणी घातली: सदर चूक अमुक यांनी निदर्शनास आणली होती, ते नमूद करणे राहून गेले. कक्ष अधिकाऱ्यांनी बोलावून विचारले, “आता हे कशासाठी? प्रकरण तर मिटले.” मी म्हटले, नोंद पुरी असावी. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले आणि फाइल पुढे ढकलली.

मी तिला दूरध्वनी केला. ती संकोचली, याची काही गरज नव्हती, असे हिंदीत म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, त्या पानाची एक प्रत मिळेल का? नव्या ठिकाणी अनुभवाचा दाखला मागतात आणि कंत्राटदाराच्या दाखल्यात ‘आकडे भरणे’ एवढेच लिहिले आहे.

कार्यालयीन टिप्पणीची प्रत बाहेरच्या व्यक्तीस देता येते काय, अशी विचारणा मी परवा वर पाठवली आहे. अद्याप शेरा आलेला नाही.