आखूड फटका

गोल्फ या खेळाविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांतून फारशी आस्था दिसत नाही. १८२९ साली कलकत्त्यास त्याचा क्लब स्थापन झाला. म्हणजे हिंदुस्थानात तो क्रिकेटइतका नसला तरी पुष्कळच जुना आहे. तथापि भले मोठे मैदान, महाग काठ्या आणि मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी ज्यांना अनुकूल, त्यांच्यापुरताच तो राहिला. मीही तो कधी खेळलो नाही. परंतु त्यात एक नैतिक कूटप्रश्न इतक्या उघडपणे मांडलेला आहे की, मनुष्यस्वभावाचे कुतूहल असणाऱ्याने तो खेळ निदान एकदा तरी लक्षपूर्वक पाहावा.

क्रिकेटमध्ये गोलंदाज आपल्या अंगावर चेंडू टाकतो, बुद्धिबळात प्रतिपक्षी आपला वजीर कोंडतो. गोल्फमध्ये असे दोष द्यावयास कोणीच नसते. चेंडू झाडीत गेला तर तो आपणच धाडलेला असतो, आणि आपण त्याच्यापर्यंत चालत जाईपर्यंत तो तेथे स्वस्थ पडून असतो. या चालण्यातच सारे घडते. एका फटक्याला क्षणभर पुरतो, चालावयास मात्र काही मिनिटे लागतात, आणि तेवढ्या अवधीत मनातला वकील आपली बाजू रचू लागतो. दोन बुंध्यांमधून एक फट दिसते. तेथून चेंडू नेमका गेला तर झालेली चूक जणू झालीच नव्हती असे ठरेल. दुसरा मार्ग म्हणजे चेंडू हळूच बाजूच्या कापलेल्या गवतावर काढावयाचा. त्याने खळगा वीतभरही जवळ येत नाही, एक फटका मात्र खर्ची पडतो. जाणते खेळाडू हा दुसरा मार्ग धरावा असे सांगतात. पण सांगणे निराळे आणि भर गर्दीत तो आखूड, केविलवाणा फटका मारणे निराळे.

१८ जुलै १९९९ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील कार्नूस्टी येथे ‘ओपन’ स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. झाँ व्हान द वेल्द हा फ्रेंच खेळाडू तीन फटक्यांनी आघाडीवर राहून अठराव्या, म्हणजे अखेरच्या खळग्याकडे निघाला. अंतर ४८७ यार्ड. नेमस्त खेळणाऱ्याने चार फटक्यांत पुरे करावे असा हिशेब. त्याला सहा लागले असते तरी चालणार होते. १९०७ साली आर्नो मासी जिंकला, त्यानंतर कोणा फ्रेंच माणसाला हा मान मिळाला नव्हता. त्याने सर्वांत लांब पल्ल्याची काठी उचलली. चेंडू उजवीकडे भरकटला, पण सुदैवाने बरा पडला. येथून दोन लहान फटक्यांनी सावकाश जाता आले असते. त्याने सरळ हिरवळीचा वेध घेतला. चेंडू प्रेक्षकांच्या मंचाच्या कठड्यावर आपटला, तेथून ओढ्याच्या दगडी काठावर उडाला आणि मागे दाट गवतात येऊन पडला. तिसरा फटका बॅरी नावाच्या त्या ओढ्यात गेला. मग बूट-मोजे काढून तो पाण्यात उतरला व तेथूनच मारावे काय याचा विचार करू लागला. अखेर त्याने दंडाचा फटका पत्करला. पाचवा वाळूच्या खड्ड्यात, सहावा बाहेर. सात फटके झाले, तिघांची बरोबरी झाली आणि निकालासाठी खेळविलेल्या जादा चार खळग्यांत पॉल लॉरी हा स्कॉटिश खेळाडू जिंकला.

या प्रसंगावरून धाडसाची निंदा करणे फार सोपे आहे, आणि म्हणूनच मला ते संशयास्पद वाटते. चेंडू मंचातच अडकून राहता तर नियमाप्रमाणे तो दंडाशिवाय बाहेर ठेवता आला असता. कठड्याची ती एक सळई मध्ये आली नसती तर याच माणसाच्या बाण्याची आपण वाखाणणी केली असती. शिवाय जादा खेळात लॉरीने त्याच अठराव्या खळग्यावर, तोच ओढा ओलांडून, हिरवळीवर थेट फटका मारला व चेंडू खळग्याजवळ नेला. तोही धाडसच होता. मग फरक कोठे?

माझ्या मते फरक फटक्यात नसून हिशेबात आहे. लॉरीला काही मिळवावयाचे होते. व्हान द वेल्दपाशी ते आधीच होते. आणि तिसऱ्या फटक्यापाशी तर त्याला मिळवावयाचे असे काही उरलेच नव्हते, फक्त झालेली चूक पुसावयाची होती. या पुसण्याच्या हव्यासाचा मोह आपल्यालाही अनोळखी नाही. वडिलोपार्जित तुकड्यासाठी दावा लावणारा गृहस्थ पहिल्या कोर्टात हरतो. पुढे जमिनीच्या किमतीहून अधिक खर्च झाला तरी तो अपील करीतच राहतो, कारण थांबणे म्हणजे पूर्वीचा सारा खर्च मूर्खपणाचा होता असे कबूल करणे. उलट १६६५ साली पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले देऊन बारा राखणाऱ्या शिवाजीमहाराजांनी हानीची रक्कम आपल्या हाताने लिहिली आणि तेथे रेघ मारली. १६७० मध्ये ते किल्ले परत घ्यावयास जे बळ लागले, ते त्या रेघेच्या अलीकडे शिल्लक राहिलेले होते.

मनाची स्वस्थता म्हणून आपण जिला नावाजतो ती चेहऱ्यावर शोधू नये. ओढ्यात उभा असलेला तो फ्रेंच गृहस्थ हसत होता. त्या दिवशीचा त्याचा खिलाडूपणा निष्कलंक होता. उलट बॉबी जोन्स तरुणपणी संतापी म्हणून प्रसिद्ध. १९२१ साली सेंट अँड्र्यूज येथे तिसऱ्या फेरीत, अकराव्या खळग्यापाशी वाळूत अडकून त्याने स्पर्धाच अर्धवट सोडली. १९२७ साली त्याच मैदानावर तो ‘ओपन’ जिंकला. त्याचा राग साराच निमाला असेल असे मला वाटत नाही. वाळूत गेलेला फटका परत येत नाही, एवढे मात्र त्याला या वर्षांत उमगले असावे.

व्हान द वेल्दच्या त्या खळग्यातील एक फटका मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. वाळूतून निघालेला चेंडू खळग्यापासून सहा-सात फुटांवर थांबला होता. तो चुकता तर जादा खेळातही त्याला जागा उरली नसती. अर्ध्या तासापूर्वी जे सहज आपले वाटत होते ते सारे गेले होते, पाय नुकतेच ओढ्यातून बाहेर आले होते, आणि हजारो माणसे श्वास रोखून पाहत होती. तो वाकला, दिशा पाहिली आणि चेंडू शांतपणे खळग्यात घातला.