मधुमेहीचे डोळे आणि पुढचा जन्म

मरणोत्तर नेत्रदानाबद्दल दोन शंका नेहमी पुढे येतात. डोळे दिले तर पुढचा जन्म आंधळ्याचा मिळतो का? आणि मधुमेही माणसाचे डोळे कोणाच्या उपयोगी पडतात का?

दुसरी शंका शरीराची आहे. रोपण होते ते कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक पडद्याचे. टाइप टू मधुमेह बरीच वर्षे राहिला की त्यातले बारीक मज्जातंतू विरळ होतात. मग कण गेला तरी तितकासा टोचत नाही आणि ओरखडा लवकर भरत नाही. पाणी उपसून पडदा स्वच्छ ठेवणाऱ्या आतल्या थरातील पेशीही दुबळ्या होऊ शकतात. तरीही केवळ मधुमेह नेत्रदानाच्या आड येत नाही. नेत्रपेढी पेशी तपासून निर्णय घेते.

पहिली शंका श्रद्धेची आहे. नाशिकला रामकुंडात अस्थी विसर्जित होतात, तेव्हा डोळे केव्हाच भस्म झालेले असतात. अग्नीला दिलेला डोळा पुढच्या जन्मी परत मिळतो आणि माणसाला दिलेला तेवढा हरवतो, याला तर्क नाही. आत्मा देह टाकून जातो असे मानणाऱ्या परंपरेत अवयव सोबत नेण्याचा प्रश्नच उरत नाही. वज्रासाठी अस्थी देणाऱ्या दधीची ऋषींना पुराणांनी महादानी मानले, अपूर्ण नव्हे.

कॉर्निया मृत्यूनंतर साधारण ६ तासांच्या आत काढावा लागतो. त्याने चेहरा विद्रूप होत नाही आणि अंत्यविधीही अडत नाहीत.